पाठ ताठ, पुस्तक हातभर

शके १९४१, कार्तिक शुद्ध षष्ठी, शनिवार, दिनांक २ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी साडेदहा वाजता, कराड येथील घोरपडे यांच्या चष्म्याच्या दुकानात, मी, दिगंबर अनंत गरुड, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, माझ्या नाकाचे माप देण्यास बसलो. सोबत तात्या बोधे होते. त्यांना मी बोलावले नव्हते.

"नाकाचं माप?" तात्या म्हणाले. "मास्तर, चष्मा करताय की मुखवटा?"

तात्या बोधे दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होते आणि निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाचे कार्यवाह झाले. त्यांच्या गळ्यात दोन काळ्या दोऱ्यांना दोन चष्मे लोंबत असत, एक लांबचा आणि एक जवळचा. एक डोळ्यांवर असला की दुसरा पोटावर असे, आणि बरेचदा जो हवा तो पोटावर असे.

मला नवा चष्मा का हवा होता, हे सांगणे प्राप्त आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात वाचनालयाच्या मावळत्या अध्यक्षांना निरोप देताना त्यांचे मानपत्र मी वाचले. मानपत्र मीच लिहिले होते. 'ज्यांनी कार्यकारिणीचा भार अकरा वर्षे हसतमुखाने सोसला' असे त्यात एक स्थळ होते. मी 'मार' वाचले. भ आणि म यांच्यात अंतर ते केवढे, एका गाठीचे. पण सभागृह दोन मिनिटे हसत होते. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांच्या पत्नींनी मात्र मान डोलावली.

आपलेच लिखाण पाठ का करू नये, असे मला पुष्कळांनी विचारले. माझे उत्तर ठरलेले आहे. पाठ म्हणणे हे नटाचे काम. गद्य हे वाचायचे असते, आणि वाचताना कागदावरचे अक्षर डोळ्यांनी उचलावेच लागते. या मतापासून मी चाळीस वर्षांत ढळलो नव्हतो, आणि एका मारासाठी ढळणार नव्हतो.

आता एक डिसेंबरला आमच्या ग्रंथपाल यमुनाताई कुंभोजकर यांचा निरोप समारंभ होता. कार्यकारिणीने ठराव केला की, मानपत्र गरुड सरांनी लिहावे आणि कार्यवाहांनी वाचावे. कार्यवाह म्हणजे तात्या. तात्यांनी उभ्या आयुष्यात कोर्टातल्या नोटिसा वाचल्या होत्या, आणि लग्नपत्रिकाही ते त्याच सुरात वाचत. माझ्या मानपत्रातले मुख्य वाक्य चौऱ्याण्णव शब्दांचे होते. त्यात सात पोटवाक्ये एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती आणि सर्वांचा भार उचलणारे क्रियापद अगदी शेवटी उभे होते. ते वाक्य तात्यांच्या तोंडून 'वादी हजर, प्रतिवादी गैरहजर' या चालीवर बाहेर पडणार, या कल्पनेने माझी झोप उडाली. मी वाद घातला. अखेर ठरावाला उपसूचना जोडण्यात आली: सोळा तारखेला तालीम घ्यावी; सर न अडखळता वाचतील तर वाचन सरांकडे, अन्यथा कार्यवाहांकडे.

म्हणून मी घोरपड्यांच्या दुकानात बसलो होतो.

दुकानाची मालकीण वैजयंती घोरपडे माझी विद्यार्थिनी निघाली. नववी ब, सन एकोणीसशे सत्त्याण्णव. तिनेच मला ओळखले.

"सर, माझा निबंध तुम्ही परत दिला होता. 'मी पाहिलेला समुद्र'."

"पाहिला होतास का?"

"कोयनेच्या पलीकडे गेले नव्हते."

"म्हणजे गाईडमधून."

"अक्षरन् अक्षर."

"मग मी खाली लिहिले असणार, 'निबंध उत्तम आहे. तुझा नाही.'"

"तेच!" ती हसली. "आईनं वाचलं आणि पेढे आणायला निघाली. दुसरं वाक्य तिला दिसलंच नव्हतं. तिचा चष्मा तेव्हा व्हायचा होता."

हा शेरा मी तीस वर्षांत कित्येक वह्यांवर लिहिला. त्याची रचना मला आजही आवडते. पहिल्या वाक्यात न्याय आहे, दुसऱ्यात सत्य आहे, आणि मध्ये 'परंतु' नाही.

वैजयंतीने माझा जुना चष्मा उजेडात धरला. त्याच्या काचेत खाली चंद्रकोरीएवढा वाचायचा तुकडा होता आणि त्याची रेघ लांबूनही दिसे.

"सर, हा चांगला आहे. नंबर वाढला एवढंच. पण यात फक्त तुमचा नंबर आहे, तुम्ही नाही."

"स्पष्ट कर."

"साध्या चष्म्याला आम्ही नंबर काढतो आणि दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीनं मोजतो. बाकीचं सगळं कारखाना धरून चालतो. सरासरी नाक, सरासरी कान, सरासरी मान."

"सरासरी," मी म्हणालो.

"नव्या पद्धतीत तसं नाही. काच डोळ्यापासून किती लांब बसते, फ्रेम किती कलते, तुम्ही मान कशी ठेवता, पुस्तक किती अंतरावर धरता, हे सगळं मोजायचं आणि त्या मापानं काच घडवायची. वर लांबचं, मधे मधलं, खाली वाचायचं. आणि रेघ नाही."

"याला म्हणतात काय?"

"प्रोग्रेसिव्ह."

"पुरोगामी!" तात्या म्हणाले. "मास्तरांना झेपायचा नाही."

मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. दोन पदे एकजीव व्हावीत आणि सांधा दिसू नये, हे मला व्याकरणाच्या दृष्टीनेही पटले. जुना चष्मा म्हणजे संधी न करता लिहिलेला शब्द होता.

"पण साध्यात वाईट काय आहे?" तात्यांनी आपले दोन्ही चष्मे हातात घेतले. "लांबचं बघायचं तर हा, वाचायचं तर हा. कोर्टातसुद्धा दिवाणी वेगळं, फौजदारी वेगळं. एकात दुसरं मिसळलं की गोंधळ."

"वाईट काहीच नाही, काका. पुष्कळांचं त्यात भागतं," वैजयंती म्हणाली. "जिना उतरताना कुठला लावता?"

तात्यांनी दोन्ही चष्मे आळीपाळीने पाहिले.

"जिन्यावर मी कठडा धरतो."

मग माप सुरू झाले. तिने नवी फ्रेम माझ्या नाकावर बसवली, तिच्यावर खुणा असलेली एक पट्टी अडकवली आणि समोर टॅबलेट धरला.

"सर, अगदी सहज बसा. घरी बसता तसे."

मी बसलो. मग तिने माझ्या हातात एक छापील पुठ्ठा दिला.

"आता हे नेहमी वाचता तसं धरा."

तीस वर्षे मी वर्गात शिरलो की पहिले वाक्य तेच बोलत असे: 'पाठ ताठ, पुस्तक हातभर.' या मुलीलाही मी ते शेकडो वेळा ऐकवले होते, कारण ती बाकावर नेहमी वाकून बसे. आता तीच माझ्यासमोर उभी राहून मला वाचायला सांगत होती. मी पाठ ताठ केली, हनुवटी उचलली आणि पुठ्ठा हातभर अंतरावर धरला.

"नेहमी असंच वाचता?" तिने विचारले.

"वाचायचे असेच असते."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि टॅबलेटवर बोट टेकवले.

चष्मा दहा दिवसांनी आला. दुकानात मी तो लावला, ताठ बसलो, पुठ्ठा हातभर धरला, आणि अक्षरे अशी उभी राहिली की जणू आत्ताच छापखान्यातून आली. 'भार' हा भार होता. मी तो शब्द तीनदा वाचला.

"आठवडाभर डोळ्यांना सवय होऊ द्या," वैजयंती म्हणाली. "काही वाटलं तर लगेच या."

घरी आल्यावर इंदुमतीने, म्हणजे माझ्या पत्नीने, चष्म्याचे कौतुक केले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही पेपर वाचताय की न्हाव्यापुढे बसलाय?"

"म्हणजे?"

"हनुवटी बघा कुठे चाललीय. समोरच्या मालूताई विचारत होत्या, सरांचं आमच्याशी काही बिनसलंय का. गच्चीत पेपर घेऊन बसतात आणि नाकाच्या शेंड्यावरून बघतात."

"सवय व्हायची आहे."

"कुणाची, तुमची का मालूताईंची?"

खरे सांगायचे तर, हनुवटी उचलली तरच मला अक्षर दिसत होते. ती जरा खाली आली की ओळी पाण्यात पडल्यासारख्या हलत. मंडईत वांगे निरखायचे तर मला ते हात लांब करून, मान मागे टाकून पाहावे लागे. भाजीवालीने एकदा विचारले, "घ्यायचंय का ओवाळायचंय?" पण मी कोणापाशी तक्रार केली नाही. हा चष्मा माझ्या मापाचा होता. सरासरी माणसाला जो शोभतो तो चष्मा मी टाकला होता, आणि माझ्याच मापाचा चष्मा मला होत नाही असे म्हणणे तर्काला धरून नव्हते.

सोळा तारखेला वाचनालयाच्या वाचनकक्षात तालीम झाली. कार्यकारिणीचे सगळे सदस्य हजर होते. यमुनाताईही एका खुर्चीवर बसल्या होत्या. उत्सवमूर्तीने तालमीला येऊ नये असे माझे मत, पण चाव्या त्यांच्याकडेच असल्यामुळे इलाज नव्हता.

मी उभा राहिलो. पाठ ताठ, कागद हातभर. सुरुवात झाली.

"ज्यांनी या संस्थेच्या जीर्ण कपाटांतील ग्रंथसंपत्तीचे रक्षण करताना वाळवीशी एकोणचाळीस वर्षे अखंड युद्ध मांडले, ज्यांनी पुस्तके परत करण्याचे विसरलेल्या सभासदांच्या दारी स्वतः जाऊन त्यांच्या स्मरणशक्तीस सौम्य परंतु निश्चयी हाक दिली..."

एकही अक्षर चुकले नाही. तिसऱ्या पोटवाक्याला तात्यांच्या चेहऱ्यावरची खुशी मावळली. चौथ्याला मी रंगलो, आणि तेच नडले. रंगल्यावर माणसाला आपल्या पाठीचे भान राहत नाही. पाचव्या पोटवाक्यात मी पुढे झुकलो. सहाव्यात कागद जवळ आला. सातव्यात मान डावीकडे कलली, आणि ओळी विरघळू लागल्या.

"...त्या यमुनाताईंना ही सभा आज..."

पुढचा शब्द दिसेना. मी कागद वर केला, खाली केला. क्रियापद त्या कागदावर होते. मीच ते ठेवले होते. पण माझ्या डोळ्यांसमोर एक राखाडी सुरवंट वळवळत होता.

"...त्या यमुनाताईंना ही सभा आज..." मी पुन्हा म्हणालो.

"काय करते ते सांगा हो एकदाचं," तात्या मागून म्हणाले. "बाई ताटकळल्यात."

"मला तर भीतीच वाटायला लागली," यमुनाताई म्हणाल्या.

सगळे हसले. मी कागद टेबलावर ठेवला. यमुनाताईंनी मला पाणी दिले आणि हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही असं कधीपासून वाचायला लागलात? त्या कोपऱ्यातल्या टेबलावर तर तुम्ही..." त्यांना कोणीतरी हाक मारली आणि वाक्य तसेच राहिले. मला ते त्या वेळी महत्त्वाचे वाटले नाही.

तात्यांनी जवळचा चष्मा पोटावरून उचलून डोळ्यांवर चढवला, माझा कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचले, "त्या यमुनाताईंना ही सभा आज कृतज्ञतापूर्वक वंदन करीत आहे. सही. शिक्का." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सही-शिक्का मी पदरचा घातला."

मला त्यांचा राग आला नाही. क्रियापद त्यांना दिसले होते, साध्या चष्म्यातून.

"तात्या, मला मुदत द्या," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला.

"तीस तारखेपर्यंत," तात्या म्हणाले. त्यांचा सूर अचानक मऊ झाला होता. "पण मास्तर, तीस म्हणजे तीसच."

सोमवारी, अठरा तारखेला, मी घोरपड्यांच्या दुकानात भांडायला गेलो. मी मुद्दे क्रमवार लिहून नेले होते. दुकानात दुसरे कोणी नव्हते.

"हे भिंग सदोष आहे," मी म्हणालो. "तुझ्या यंत्राने चुकीचे माप घेतले, किंवा कारखान्याने दुसऱ्याच कोणाचा चष्मा पाठवला."

वैजयंतीने चष्मा घेतला, तपासला, काचांवर पेनाने दोन बारीक फुल्या काढल्या आणि परत माझ्या नाकावर ठेवला.

"बसा सर. वाचा."

मी ताठ बसलो आणि वाचले. सगळे स्वच्छ दिसत होते.

"माप जसं घेतलं तसंच आहे," ती म्हणाली.

"मग तालमीत काय झाले?"

"तेच कळत नाहीये." ती टेबलावरचे कागद आवरू लागली. मग मोठ्या ठळक अक्षरांतले एक रंगीत पत्रक तिने सहज माझ्याकडे सरकवले. "सर, मी जरा आतून पाणी आणते. तोवर हे बघता का? दुकानाची जाहिरात आहे. उद्या छापायला द्यायचीय."

मी पत्रक घेतले. पहिलीच ओळ होती: 'तुमच्या द्रुष्टिची काळजी, आमची जबाबदारि.'

त्यापुढे काय झाले ते मी सांगू शकत नाही, कारण मी तिथे नव्हतो. मी त्या पत्रकात होतो. द्रुष्टि! तिसऱ्या ओळीत 'आशिर्वाद'. पाचवीत 'सुर्य', आणि तोही दोनदा. खिशातला लाल पेन केव्हा बाहेर आला मला कळले नाही. शेवटच्या ओळीत 'विद्यार्थांना सवलत' असे लिहिले होते, आणि एक य गाळून विद्यार्थ्यांचा जो अपमान केला होता त्याने मी अगदी कासावीस झालो.

"वैजयंती! हे कोणी लिहिले?"

"मी," ती म्हणाली. ती पाणी आणायला गेलीच नव्हती. समोर टॅबलेट धरून उभी होती. "तालमीचं बोधेकाकांनी सांगितलं, म्हणून काल रात्री बसून मुद्दाम लिहिलं. 'सुर्य' लिहिताना दोनदा खोडलं, सर."

"मुद्दाम?"

"तुम्ही वाचताना कसे दिसता, ते मला बघायचं होतं. त्या दिवशी तुम्ही दाखवलं नाहीत."

तिने टॅबलेट माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर एक म्हातारा होता. त्याची पाठ कोयत्यासारखी वाकली होती. मान डाव्या खांद्यावर कलली होती, चष्मा नाकाच्या शेंड्याशी घसरला होता, आणि त्या नाकाचे आणि कागदाचे अंतर वीतभरसुद्धा नव्हते. तोंड किंचित उघडे होते. उजवी भुवई अशी चढली होती की जणू तिला 'आशिर्वादा'चा जाब विचारायचा होता. असा मुलगा मला वर्गात दिसला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

"हा कोण?" मी विचारले, पण माझा आवाज आधीच उतरला होता.

"नववी ब मधे आम्ही वह्या द्यायला यायचो ना, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हाच बसलेला असायचा," ती म्हणाली. "वह्या तपासत. आम्ही दारातून बघायचो आणि हसायचो. मग घंटा झाली की तुम्ही वर्गात यायचात आणि म्हणायचात, पाठ ताठ."

यमुनाताईंचे अर्धे राहिलेले वाक्य मला तेव्हा पूर्ण ऐकू आले. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांनी मला एकोणचाळीस वर्षे याच अवस्थेत पाहिले होते.

समारंभाचे येथेच सांगून टाकतो, कारण मुख्य क्रियापद शेवटी यावे हे माझे मत अजून बदललेले नाही. वैजयंतीने त्याच फ्रेमचे माप पुन्हा घेतले, आणि या वेळी मी 'विद्यार्थांना' शोधत असताना घेतले. नव्या काचा एकोणतीस तारखेला आल्या. तीस तारखेला तात्यांनी माझी परीक्षा घेतली आणि उत्तीर्ण केले. एक डिसेंबरला भरल्या सभागृहात मी व्यासपीठावर वाकून, मान तिरकी करून, कागदात नाक घालून उभा राहिलो. पहिल्या रांगेत कोणीतरी कुजबुजले की सर मानपत्राचा वास घेत आहेत. पण चौऱ्याण्णव शब्द मी ओळीने उचलले, आणि 'वंदन करीत आहे' येथे पोहोचलो तेव्हा यमुनाताईंनी पदर डोळ्यांना लावला. तात्यांनी आभार मानले. त्यात त्यांनी 'सरांनी आमचा मार हसतमुखाने सोसला' असे म्हटले. चुकून नव्हे.

त्याला आता सहा वर्षे झाली. चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला आहे; तात्यांनी जिन्यासाठी तिसरा चष्मा केला आहे, पण दोऱ्या फार होतात म्हणून ते तो घरी ठेवतात. मला मात्र अजून त्या सोमवारचा दुपारचा उजेड आठवतो, दुकानातले ते आरसे आठवतात, आणि प्रत्येक आरशात वाकून बसलेला मी.

टॅबलेट मी परत केला होता. माझे क्रमवार मुद्दे खिशातच होते. तरीही शेवटचा प्रयत्न म्हणून मी म्हणालो, "म्हणजे दोष चष्म्याचा आहे की नाही, ते एका वाक्यात सांग."

"एका वाक्यात नाही होणार, सर. दोन लागतील."

तिने माझ्या हातातला लाल पेन काढून घेतला. माझे जुने माप लिहिलेला कागद पुढे ओढला, त्याच्या तळाशी बारीक अक्षरात काहीतरी लिहिले आणि कागद माझ्यासमोर सरकवला. मी वाकलो, पण त्या चष्म्यातून मला ते वाचता येईना. म्हणून तिनेच मोठ्याने वाचून दाखवले.

"चष्मा उत्तम आहे. तुमचा नाही."